आखाडा ते प्रयोगशाळा : स्वामी कुवलयानंद

सध्या आपल्या होस्टेलमध्ये व्यायामाची लाट आली आहे. कुणी पहाटे उठून दंड काढतो, कुणी जिमची फी मेसच्या पैशातून भरतो, आणि फुटबॉल टीमवाले तर ग्राऊंडला दहा राऊंड मारल्याशिवाय बॉलला पाय लावत नाहीत. दहाच का, बारा का नाहीत, असं विचारलं तर सीनियरने सांगितलं म्हणून, एवढंच उत्तर मिळतं. त्या सीनियरला त्याच्या सीनियरने सांगितलेलं असतं. आपण इंजिनिअरिंगची मुलं. बीमवर किती लोड येतो हे काढल्याशिवाय पुढे जात नाही (निदान पेपरात तरी!). पण स्वतःच्या शरीराची गोष्ट आली की कुणीतरी सांगितलं आणि आपण केलं, एवढाच आपला हिशोब.

हा हिशोब ज्यांना पटला नाही अशा एका माणसाबद्दल मला लिहायचं आहे. पण त्याआधी थोडं अमेरिकेत जाऊन येऊ.

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये त्यांचा तो बॉल हातात धरून पळायचा फुटबॉल फार जोरात चालतो. तिथे खेळ शिकवणारा कोच वेगळा आणि खेळाडूंची ताकद, दमसास वाढवणारा कोच वेगळा. या दुसऱ्याला स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच म्हणतात. आज ही मोठ्या पगाराची नोकरी आहे, पण १९६९ पर्यंत असं पद फारसं कुणाला माहीतच नव्हतं. वजनं उचलली की अंग आखडतं आणि खेळाडू मंद होतो, अशी जुन्या कोचची पक्की समजूत होती. त्या वर्षी नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली नावाच्या पोल व्हॉल्ट खेळणाऱ्या तरुणाला हे काम दिलं. मुख्य कोच बॉब डेव्हेनी यांनी त्याला आधीच बजावलं, की एकही खेळाडू जरी हळू पळायला लागला तरी तुझी नोकरी गेली. एप्लीने काय केलं? प्रत्येकाची धाव, उडी आणि उचललेलं वजन मोजून लिहून ठेवायला सुरुवात केली. १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षं नेब्रास्का राष्ट्रीय विजेते ठरले.

हे वाचल्यावर आपल्याकडे असं कुणी होतं का, म्हणून मी शोधायला लागले. मुलांकडून व्यायाम करून घेणारे उस्ताद आपल्याकडे खूप होऊन गेले. पण व्यायामाने शरीरात नेमकं काय होतं हे यंत्र लावून मोजणारा? असा एक माणूस सापडला, आणि तोही एप्लीच्या ४५ वर्षं आधी, लोणावळ्यात. त्यांचं नाव स्वामी कुवलयानंद. नाव ऐकून बहुतेकांच्या डोळ्यासमोर दाढी आणि भगवी कफनी येईल. मलाही तसंच वाटलं होतं. पण हे स्वामी आधी शिक्षक होते, आणि त्याही आधी आखाड्यातले गडी.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. घर मराठी, परिस्थिती बेताची. १९०३ साली ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या काळात ही शिष्यवृत्ती म्हणजे हुशारीवरचा सरकारी शिक्काच होता. मग बडोदा कॉलेज. अरविंद घोष तेव्हा बडोद्यातच शिकवत होते, आणि तिकडे पुण्यात टिळकांचं राजकारण तापलेलं होतं. वीस-बावीस वर्षांच्या मुलावर याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. देशासाठी काहीतरी करायचं आणि लग्न करायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. १९१० मध्ये पदवी घेऊन ते बाहेर पडले.

माझ्या दृष्टीने त्यांचं खरं शिक्षण मात्र कॉलेजबाहेर चाललं होतं. १९०७ ते १९१० ही तीन वर्षं ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांकडे जात होते. माणिकराव म्हणजे गजानन यशवंत तांबे. ते जुम्मादादांचे पट्टशिष्य. लाठी, कुस्ती, मल्लखांब सगळं शिकवायचे आणि निखळलेली हाडंही बसवून द्यायचे. सयाजीराव महाराजांच्या संस्थानात त्यांना राजरत्न म्हणून मान होता. त्यांचं एक मोठं काम आपल्या कानावर रोज पडत आलंय, पण ते कुणाचं हे आपल्याला माहीत नसतं. शंभर-दोनशे मुलांनी एकाच वेळी, एका तालात करायचा संघव्यायाम त्यांनी बसवला आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीतून काढून देशी भाषेत आणले.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या पीटीच्या तासाला सगळे हुकूम इंग्रजीत, अटेन्शन आणि स्टँड ॲट ईज. बाबा नोकरीनिमित्त भामरागडला होते तेव्हा मी सुट्टीत तिकडे जायचे. आलापल्लीपासून पुढचा सगळा रस्ता जंगलातून. तिथे एका आश्रमशाळेच्या मैदानावर सकाळी सकाळी माडिया मुलं रांगेत उभी असायची, आणि सर खड्या आवाजात सावधान, विश्राम म्हणायचे. त्यांच्यासमोर ना डंबेल्स, ना मॅट, ना शिडी. लाल मातीचं मैदान आणि एक शिट्टी. आधी दंड-बैठका, वाकणं, वळणं, मग सूर्यनमस्कार, आणि उरलेल्या वेळात अनवाणी फुटबॉल. मला तेव्हा ते सगळं गरिबीचं वाटायचं. कुवलयानंदांबद्दल वाचल्यावर तेच चित्र वेगळं दिसायला लागलं. का, ते पुढे येईलच.

बडोद्यानंतर गुणे खानदेशात अमळनेरला गेले. तिथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-कॉलेजात १९१६ ते १९२३ या काळात त्यांनी मुलांना शिकवलं, राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्यही झाले. पण कॉलेजातलं वातावरण फारच राष्ट्रीय आहे म्हणून इंग्रज सरकारने १९२० मध्ये ते बंद केलं. विचार करा. वय ३७, संसार नाही, ज्या कॉलेजसाठी घाम गाळला त्याला कुलूप. आखाड्यात तयार झालेला आणि टिळकांना मानणारा माणूस अशा वेळी काय करेल? सरळ चळवळीत उडी घेईल. तसं त्यांनी केलं असतं तर कुणालाच नवल वाटलं नसतं.

त्यांनी मात्र दुसराच रस्ता धरला. १९१९ मध्ये नर्मदेकाठच्या मालसर गावी त्यांची परमहंस माधवदास या वृद्ध योग्यांशी भेट झाली होती. त्यांच्याकडून ते हठयोगातल्या क्रिया शिकले. अनुभव आला, फायदा जाणवला, गुरूंवर श्रद्धाही बसली. बहुतेक लोक इथे थांबतात. गुण्यांना मात्र प्रश्न पडला, की हे होतं तरी कसं? पोथ्यांमध्ये नाडी, वायू, चक्र असे शब्द होते. डॉक्टरांच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. मग खरं काय? १९२० नंतर लगेचच त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बडोद्याच्या दवाखान्यात नेऊन एक्स-रे मशीनसमोर उभं केलं आणि उड्डियान आणि नौली या दोन क्रिया करायला लावल्या. तेव्हा एक्स-रेचा शोध लागून जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. आपल्याकडे योग म्हणजे गुरूने शिष्याच्या कानात सांगायची विद्या. ती अशी दवाखान्यातल्या यंत्रासमोर आणून उभी करायला हिंमत लागते, असं मला वाटतं. ज्याच्यावर श्रद्धा आहे तेच तपासायला घ्यायचं आणि ते खोटं निघालं तर? ही भीती काही साधी नाही.

१९२४ च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं. नाव आश्रमाचं, पण आत प्रयोगशाळा. त्याच महिन्यात योगमीमांसा नावाचं त्रैमासिक निघालं. त्यात आसनांचे फोटो आणि कृती असायची, आणि सोबत प्रयोगांचे आकडे आणि एक्स-रेच्या प्लेट्स. त्यातलाच एक प्रयोग मला नीट सांगायचा आहे, कारण तो आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधलाच आहे.

नौली काय असते ते आधी बघू. पाय थोडे फाकवून, मांड्यांवर हात टेकून उभं राहायचं. सगळा श्वास सोडून द्यायचा. मग श्वास आत न घेता छाती फुगवायची. त्यामुळे श्वासपटल वर उचललं जातं आणि पोट खपाटीला जातं. हे झालं उड्डियान. आता पोटाच्या मधले दोन उभे स्नायू आवळून दोरखंडासारखे पुढे काढायचे, ही नौली. जुने योगी नौली करून एक अजब गोष्ट करायचे. पाण्यात बसून, गुदद्वारात एक नळी घालून ते मोठ्या आतड्यात पाणी ओढून घ्यायचे आणि आतडं धुवायचे. ना पंप, ना पिचकारी. याला बस्ती म्हणतात. (मुली नाक मुरडतील हे मला माहीत आहे, पण प्रयोग म्हणून बघा.)

पाणी वर चढतं ते कोणत्या जोरावर? कुवलयानंदांनी नळीचं दुसरं टोक पाऱ्याच्या मॅनोमीटरला जोडलं. तीच आपली यू आकाराची नळी, जिचं रीडिंग घेताना आपण नेहमी पॅरॅलॅक्सच्या नावाने बोंब मारतो. माणसाने नौली काढली की आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, हे पाऱ्याने दाखवलं. म्हणजे अंशतः निर्वात स्थिती. आता आपल्या भाषेत बघा. श्वासपटल वर गेलेलं आहे आणि पोटाचे स्नायू पुढे आलेले आहेत, त्यामुळे पोटाच्या पोकळीचं आकारमान वाढतं. आकारमान वाढलं की आतल्या वायूचा दाब उतरतो. हा बॉइलचा नियम. मग बाहेरची हवाच पाण्याला नळीतून आत ढकलते. योगी पाणी ओढत नाही, वातावरण ते ढकलतं! शेकडो वर्षं चमत्कार म्हणून सांगितलेली गोष्ट अकरावीच्या फिजिक्समध्ये बसली.

या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. मला हे फार आवडलं. गुरूंची विद्या तपासणीला लावली, आणि जे सापडलं त्याला नाव गुरूंचंच.

पण प्रत्येक वेळी मापन परंपरेच्या बाजूनेच बोललं असं नाही, आणि मला वाटतं त्यांची खरी परीक्षा तिथे होती. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो असं आपण आजही ऐकतो. बागेतल्या शिबिरात हमखास सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजला. संथ, रोखून धरलेल्या श्वासात ऑक्सिजन काही जास्त घेतला जात नाही, असं त्यांना दिसलं. ते त्यांनी दडपलं नाही. प्राणायामाचा फायदा असेल तर तो दुसरीकडे शोधावा लागेल, अशी भूमिका त्यांनी घेतली. विचार करा, ज्याची सगळी संस्था प्राणायामावर उभी आहे त्याने स्वतःच्याच मासिकाच्या पानावर असं लिहायचं! आसनं करताना रक्तदाब किती बदलतो हेही त्यांनी मोजलं. शीर्षासनाने डोक्यातली नस फुटेल अशी भीती तेव्हाही घातली जायची, तिला हे आकड्यांतून उत्तर होतं.

हळूहळू लोक लोणावळ्याला यायला लागले. १९२७ मध्ये रक्तदाबाने प्रकृती बिघडल्यावर गांधीजींनी आसनांबद्दल त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारे कोवूर बेहनन १९३० च्या दशकात लोणावळ्याला राहून योग शिकून गेले आणि १९३७ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका जोसेफिन रॅथबोन याही तिथे येऊन गेल्या. मुंबईत मरीन ड्राईव्हवर १९३६ मध्ये त्यांचं आरोग्य केंद्र उघडलं.

एवढं नाव झाल्यावर माणूस मोठ्या लोकांचा स्वामी होऊन बसतो. पण यांच्यातला पीटीचा मास्तर काही गेला नव्हता. १९३० च्या दशकात संयुक्त प्रांतातल्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातल्या, शाळांमध्ये यौगिक व्यायाम नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. तेव्हा त्यांनी यौगिक संघ व्यायाम म्हणून एक पुस्तिका तयार केली. आसनं ही एकट्याने, शांतपणे, आपापल्या गतीने करायची गोष्ट. ती चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला एका हुकुमावर कशी करायला लावायची? इथे बडोद्याचा आखाडा कामाला आला. माणिकरावांचा संघव्यायाम आणि माधवदासांची आसनं त्यांनी एकत्र आणली, आणि प्रत्येक हालचाल मोजणीच्या ठेक्यावर तोडून बसवली.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष कुवलयानंद होते. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. म्हणजे शाळेत पीटीचे सर नावाचा जो माणूस असतो तो रिकामा तास भरायला आणलेला नसून शिकून आलेला असावा, ही कल्पना आपल्या राज्यात रुजली ती या काळात. पुढे मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण मंडळाचंही काम त्यांनी पाहिलं.

आता मघाचं भामरागड. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम अशा तीन नद्या तिथे भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाऊन गावाचा संपर्क तुटायचा, कधी कधी बरेच दिवस. अशा ठिकाणी बारबेल पोचवायचे कुणी? आणि पोचले तरी ते शिकवणार कोण? शाळेतल्या प्रत्येक पोराला व्यायाम मिळायचा असेल तर तो विनासामानाचा हवा, थोड्या जागेत व्हायला हवा आणि एका माणसाला शंभर जणांना शिकवता यायला हवा. आपण याला डिझाइन कन्स्ट्रेंट म्हणतो. नेब्रास्काच्या एप्लीकडे निवडलेले धिप्पाड खेळाडू आणि वजनांनी भरलेली खोली होती. कुवलयानंदांसमोर होती पोट खपाटीला गेलेली, हिवतापाने पिवळी पडलेली, शाळेत जाणारी सर्वसाधारण मुलं. दोघांचं काम एकच म्हणता येईल, पण दुसरं मला जास्त अवघड वाटतं. आश्रमशाळेच्या मैदानावरचे ते सर कुवलयानंदांचं नावही जाणत नसतील, पण त्यांच्या शिट्टीमागे बडोदा, लोणावळा आणि कांदिवली एवढा लांबचा प्रवास आहे.

स्वामींवर टीका करण्यासारखं काही नाही असं नाही. आपल्या प्रोजेक्टच्या परीक्षकांनी त्यांचे प्रयोग बघितले तर पहिला प्रश्न विचारतील, सॅम्पल साइझ किती? पुष्कळ प्रयोग हातावर मोजण्याइतक्या, आधीच तयार झालेल्या साधकांवर होते. तुलनेसाठी दुसरा गट ठेवायची पद्धत तेव्हा इतकी रुळलेली नव्हती. शिवाय ते मनाने साधकच होते. पोटाचा दाब मोजता मोजता एक दिवस आत्म्यापर्यंत पोचू अशी आशा त्यांच्या लिखाणात डोकावते, आणि तिथे माझ्यासारखीचा हात सुटतो. पण आज योगाने अमुक रोग बरा होतो म्हणून छातीठोक सांगणारे बरेच जण त्यांच्यासारख्यांचं नाव तर घेतात, आणि मॅनोमीटर मात्र घरी विसरून येतात. हा दोष त्यांचा नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये लोणावळ्यात त्यांनी गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाचं योग महाविद्यालय काढलं. सरकारने बंद केलेल्या अमळनेरच्या कॉलेजनंतर तीस-एक वर्षांनी ते पुन्हा कॉलेजकडे वळले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे योगोपचारांचं रुग्णालयही झालं. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले.

कैवल्यधामाला २०२४ साली १०० वर्षं झाली. लोणावळा मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरच आहे. थर्ड इयरची इंडस्ट्रियल व्हिजिट पुण्याकडे निघाली, तर जाता जाता अर्धा दिवस तिथे थांबायला मिळेल का, हे आमच्या बॅचने सरांना आत्तापासूनच विचारून ठेवलं आहे. फुटबॉल टीममधली दोन मुलंही येतो म्हणाली आहेत. मात्र त्यांना नौली शिकायची आहे ती पोटावर पॅक्स दिसावेत म्हणून!